उपशमनाचा अर्थ

सोमवार, ४ सप्टेंबर

मोठ्या इस्पितळाच्या खेपा आजपासून संपल्या. तेथील तज्ज्ञांनी माझे सर्व कागद आमच्या घरच्या डॉक्टरांकडे परत पाठवले आहेत. घरच्या डॉक्टर म्हणजे धाकट्या डॉक्टर. त्यांचे वडील थोरले डॉक्टर. त्यांनी माझ्या चिरंजीवाचा गोवर पाहिला होता. ते आता नाहीत, आणि त्यांची कन्या माझ्या पोटातील गाठ पाहते.

दुपारी त्या घरी आल्या. खिडकीशी असलेल्या माझ्या आरामखुर्चीसमोर स्टूल ओढून बसल्या, पिशवी जमिनीवर ठेवली, आणि पाठ करून आल्यासारख्या म्हणाल्या, "गुरुजी, इस्पितळातल्या डॉक्टरांशी माझं सविस्तर बोलणं झालंय. ती जहाल औषधं आता थांबवायची. यापुढे आपले उपचार उपशमनाचे. तुम्हाला बरं वाटावं, एवढंच आता आपलं काम."

उपशमन. आजकालच्या डॉक्टरांच्या मुखी असा शब्द येणे दुर्मीळ. 'शम्' हा धातू आणि 'उप' हा उपसर्ग. वारा पडतो, अग्नी विझतो, ज्वर उतरतो, मन निवते, या सर्वांस हा एकच धातू पुरतो. व्याधी निवू लागली, हे इतक्या थोडक्या अक्षरांत सांगणाऱ्या वैद्याचे मला कौतुक वाटले. मी म्हणालो, "शब्द उत्तम निवडलात. मला सगळं समजलं."

"आणखी काही विचारायचंय?"

"ईश्वर देईल ते हात पसरून घ्यायचं. विचारायचं काय त्यात?"

त्यांचे डोळे पाणावले. तरुण वय, मन हळवे. आमची ही स्वयंपाकघरात होती. नळ कितीतरी वेळ सोडलेला ऐकू येत होता. एरवी पाण्याचा थेंब वाया गेला तर मला बोल लावणारी.

मंगळवार, १२ सप्टेंबर

वेदनेसाठी दिलेले पातळ औषध लागू पडले. चव अशी की कारल्यानेही तोंड वाकडे करावे. परंतु गेले कित्येक महिने पोटात जे काही ठाण मांडून बसले होते, ते उठून गेले. काल पाठीला उशी न लावता संपूर्ण प्रार्थना म्हटली. उपशम होत आहे, यात शंका नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

डॉक्टरांबरोबर एक सिस्टर येऊ लागल्या आहेत. हात मऊ, आवाज मात्र खणखणीत. "आजोबा, पोट साफ झालं का?" हा प्रश्न त्या दारातूनच विचारतात, आणि तोही समोरच्या घरातून उत्तर यावे इतक्या मोठ्याने.

मी म्हणालो, "अहो, आधी घरात तर या, मग माझ्या पोटात शिरा."

ही पदर तोंडाला लावून हसली. पुष्कळ दिवसांनी.

रविवार, १७ सप्टेंबर

चिरंजीवाचा फोन आला. तो दूरच्या शहरात पुलांचे आराखडे करतो.

"बाबा, मी रजा टाकतो. पुढच्या आठवड्यात येतो."

"पडलेला बाप बघायला रजा कशाला घालवतोस? एप्रिलमध्ये ये."

"एप्रिलमध्ये?"

"तेव्हा मुलांना सुट्टी असते."

मग तो म्हणाला, "तुमची तशीच इच्छा असेल तर मी काय बोलणार? आईकडे द्या."

हिने फोन आतल्या खोलीत नेला. बाहेर आल्यावर म्हणाली, "त्याला फार लागलं."

"रजा वाचली त्याची. लागायचंय काय?"

हिने माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी काही अलौकिक बोललो. मग खांद्यावरची घसरलेली शाल सारखी करून गेली. शाल घसरली होती, हे मला ठाऊकही नव्हते.

गुरुवार, २१ सप्टेंबर

दोन संकल्प केले. एक असा, की ज्या ग्रंथाचे अध्यापन करण्यात आयुष्य गेले, त्यावर स्वतःचे भाष्य लिहावे. सवडीने केले तर तीन वर्षे लागतील. प्रकृती सुधारते आहे, तर उगाच घाई कशाला?

दुसरा संकल्प हिच्यासंबंधी. लग्न झाल्यापासून ही रोज संध्याकाळी एक स्तोत्र म्हणते. ते तिला पाठ आहे, अर्थ मात्र ठाऊक नाही. इतकी वर्षे ईश्वराशी बोलते आहे. काय बोलते आहे, ते कधी विचारले नाही. रोज एक ओळ अन्वयासह शिकवावी असे मी सुचवले, आणि तिने तात्काळ होकार दिला. आश्चर्यच. पूर्वी मी शिकवण्याची गोष्ट काढली, की तिला नेमके दूध उतू जाताना दिसे.

परंतु प्रगती मंद आहे. ज्या बाईला आळीतील प्रत्येक सुनेचे माहेर मुखोद्गत, तिला षष्ठी विभक्ती लक्षात राहू नये? काल सांगितलेले आज विसरते. "परत सांगा ना," म्हणते.

मी म्हणालो, "अगं, या चालीने हे एक स्तोत्र वर्षभर पुरेल."

"पुरू दे," ती म्हणाली.

शुक्रवार, २९ सप्टेंबर

आज दोन माणसे एक लोखंडी पलंग घेऊन आली. कळ फिरवली की डोक्याकडील बाजू वर येते. लेखनासाठी याहून सोयीचे आसन नाही.

"हा आणलास कुठून?"

"भाड्यानं."

"किती दिवसांकरता?"

"लागेल तितके," असे म्हणून ही चादर घालू लागली. चादरीला एकही सुरकुती नव्हती, तरी हात फिरवीतच राहिली.

दुपारी अचानक धाकट्या डॉक्टर आल्या. आज त्यांचा वार नव्हता. "वाटेवरच होतं," म्हणाल्या. त्यांचे घर गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे. या बाजूस दुसरा कोणी रोगी असावा. माझी पावले दाबून पाहिली. सूज आहे. भूक विचारली. ती उणावली आहे, हे मी मान्य केले. बैठ्या कामाने उणावतेच.

"मनात कसली भीती येते का, गुरुजी?"

"भीती कसली? भाष्य लिहायला घेतलंय."

"किती मोठं व्हायचंय?"

"तीन वर्षांचं काम."

"छान," त्या म्हणाल्या, आणि पिशवीचा पट्टा लावीत राहिल्या. पट्टा बिघडला असावा.

त्या निघाल्यावर ही दाराशी त्यांना सांगत होती, "यांच्यासारखं धैर्य मी कुणाचं पाहिलं नाही." कोणत्या धैर्याविषयी, ते कळले नाही. बहुधा त्या कडू औषधाविषयी.

मंगळवार, १० ऑक्टोबर

आजचे सर्व जसे घडले तसे लिहून ठेवतो.

डॉक्टर नेहमीप्रमाणे आल्या, नाडी पाहिली, डोळ्यांखालची त्वचा ओढून पाहिली. मग स्टुलावर बसून म्हणाल्या, "मुलगा कधी येतोय?"

"एप्रिलमध्ये."

"हे तुम्ही ठरवलंत?"

"मीच. तो आत्ता येतो म्हणत होता. मनात म्हटलं, मी हिंडूफिरू लागलो की येऊ दे, बापलेक नदीपर्यंत पायी जाऊ."

"गुरुजी," त्यांनी स्टूल आणखी जवळ ओढले, "पहिल्या दिवशी मी उपशमन म्हणाले. तुम्ही त्याचा अर्थ काय घेतलात?"

मला आनंद झाला. धातूपासून प्रारंभ केला, उपसर्गाचे कार्य सांगितले, पडलेल्या वाऱ्याचा आणि उतरलेल्या ज्वराचा दृष्टान्त दिला. त्यांनी मध्ये एकही शब्द घातला नाही. असा श्रोता आयुष्यात थोडा मिळाला. माझे संपले, तेव्हा त्या म्हणाल्या, "आमच्याकडे तो शब्द त्रास निवण्यासाठी वापरतात. आजार निवण्यासाठी नाही."

"म्हणजे?"

"आजार वाढतोय. तो बरा होणार नाही. त्याचा त्रास तुम्हाला होऊ नये, एवढं आम्ही करतोय."

"पण वेदना तर गेल्या."

"औषधानं गेल्या. गाठ आहे तिथंच आहे. मोठी झालीय."

"तुम्ही म्हणाला होता, बरं..."

"बरं वाटेल म्हणाले होते, गुरुजी. बरं होईल नाही म्हणाले."

दोन क्रियापदे. ज्याने आयुष्यभर विद्यार्थ्यांच्या वह्यांत असल्या फरकांवर तांबडी शाई ओतली, त्याने स्वतःच्या देहासंबंधीच्या वाक्यातील क्रियापद पाहिले नाही.

डॉक्टर म्हणाल्या, "चूक माझी आहे. बाकीच्यांना मी सरळ सांगते. तुमच्यासमोर ते साधे शब्द तोंडातून निघेनात. आदल्या दिवशी शब्दकोश काढून बसले. म्हटलं, गुरुजींना शोभेलसा शब्द हवा."

"शब्द निर्दोष आहे. अर्थ लावणारा कच्चा निघाला." मग मी विचारले, "एप्रिल?"

"नाही. तारीख मला सांगता येणार नाही. पण आता आठवडे मोजायचे, महिने नाही."

दाराशी ही चहाचा ट्रे घेऊन उभी होती. केव्हापासून, कोण जाणे. ट्रे टेबलावर ठेवून ती म्हणाली, "म्हणजे तुम्हाला ठाऊकच नव्हतं?"

"तुला ठाऊक होतं?"

"मला वाटलं, तुम्हालाच ठाऊक आहे. पहिल्याच दिवशी 'सगळं समजलं' म्हणालात की." ती पलंगाच्या कडेवर बसली. "अहो, महिनाभर मी स्थितप्रज्ञाची बायको म्हणून मिरवतेय. शेजारीपाजारी, बहिणींना फोन करून, सगळ्यांना सांगून झालं."

आणि ती हसू लागली. डॉक्टर आधी घाबरल्या, मग त्याही हसल्या. हसता हसता हिचे रडे कोठे सुरू झाले, ते कळले नाही. मी तिचा हात धरला. डॉक्टरांनी उठून खिडकीचे पडदे नीट केले. ते नीटच होते.

सायंकाळी चिरंजीवास फोन लावला. "लवकर ये," म्हणालो.

"तुम्हीच नको म्हणालात, बाबा. मला वाटलं, तुम्हाला मी समोर नकोय."

"मला वाटलं होतं, मी बरा होतोय."

"असं कसं वाटलं?"

मी त्यास शब्दाचे सांगितले. मग तो म्हणाला, "आमची आयुष्यभर शब्दन् शब्द तपासून उलटतपासणी घेतलीत. एकदा त्या डॉक्टरांची घ्यायची होती."

तो रडत होता की हसत होता, हे फोनवरून ठरविता आले नाही.

बुधवार, ११ ऑक्टोबर

मन थाऱ्यावर नाही. महिनाभर ज्या शांतीस मी साधनेचे फळ समजत होतो, ती निव्वळ अज्ञानाची होती. विहिरीच्या काठावरून चाललेला आंधळाही निर्भयच असतो. सकाळच्या प्रार्थनेत जीभ अडखळली. ज्या नामाचा उच्चार अंतकाळी सुचावा म्हणून जन्मभर अभ्यास केला, ते नाम अंतकाळाची वार्ता ऐकताच सैरभैर व्हावे? ईश्वरावर माझा विश्वास आहे. पण आज तो विश्वास, थंडीत पांघरूण पायापर्यंत पुरू नये, तसा अपुरा पडला.

न राहवून डॉक्टरांना फोन केला. "शेवट कसा असतो?"

त्यांनी टाळले नाही. झोप वाढत जाईल. खाणे आपोआप सुटेल, तेव्हा कोणी आग्रह करायचा नाही. श्वासाचा आवाज बदलेल. तो जवळच्यांना ऐकवत नाही, पण ज्याचा श्वास त्याला बहुधा त्याचे कष्ट नसतात.

"गुदमरेन?"

"तसं वाटलं तर त्याचं औषध घरातच ठेवलेलं असेल. ते केव्हा आणि कसं द्यायचं, हे काकूंना सिस्टर उद्या शिकवतील. आम्हा दोघींपैकी एक जण केव्हाही येईल. तुम्हाला इस्पितळात राहणं सुरक्षित वाटत असेल, तर तीही सोय करते. हे तुम्ही ठरवायचं, आणि ठरवलेलं बदलायचीही मुभा आहे."

"घरीच," मी म्हणालो. गेल्या महिन्यातही हेच म्हणालो असतो. परंतु त्या होकाराला अर्थ नव्हता. आज आहे.

मृत्यूविषयी मी पुष्कळ वाचले आणि त्याहून अधिक शिकवले. झोप किती वाढते, हे मात्र कोणत्याच ग्रंथात लिहिलेले नव्हते. ते ऐकल्यावर भीती बरीच ओसरली. उरलेली ईश्वरावर सोपवली. त्यानेही काही उचलावे.

शनिवार, १४ ऑक्टोबर

चिरंजीव आला. आल्याआल्या माझ्या पायांवर डोके ठेवू लागला, तर सिस्टर ओरडल्या, "सूज आहे तिथं, भार नका टाकू." मग गोंधळून माझ्या गुडघ्यांवर टेकला.

"किती रजा?" मी विचारले.

"विचारली नाही. सांगून आलो."

केस पांढरे झाले आहेत त्याचे. फोनवर ते दिसत नव्हते.

गुरुवार, १९ ऑक्टोबर

चिरंजीवाने माझे भाष्य वाचले. महिन्याभरात जे झाले होते ते त्याने एका बैठकीत संपविले आणि म्हणाला, "बाबा, यात अजून प्रास्ताविकाची प्रस्तावनाच चाललीय."

"ग्रंथ गहन आहे."

"ग्रंथ नाही, तुम्ही ऐसपैस आहात."

भाष्याचा संकल्प सोडला. सोडताना वाईट वाटेल असे वाटले होते, हलके वाटले.

स्तोत्राचा पाठ मात्र चालू आहे. आता चिरंजीवही बसतो. आज त्याने एका पदाची चतुर्थी सांगितली, तर ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "षष्ठी आहे ती. मागच्या ओळीतल्या पदाशी जोड, म्हणजे कळेल." आणि साऱ्या विभक्ती ओळीने म्हणून दाखविल्या, एकही न चुकता. अभ्यासाचा परिणाम उशिरा दिसतो, परंतु दिसतो. मी तसे बोलून दाखविले. मायलेकांनी एकमेकांकडे पाहिले.

शुक्रवार, २७ ऑक्टोबर

झोप वाढली आहे. डॉक्टरांनी सांगितले तसेच चालले आहे, आणि सांगितल्याप्रमाणे घडणाऱ्या गोष्टीची भीती वाटत नाही, हे नव्याने शिकलो. भूक नाही. ही चमचाभर सूप पुढे करते, मी मान हलवितो, आणि ती निमूटपणे स्वतः पिऊन टाकते. आग्रह करायचा नाही, हे जिच्या रक्तातच नाही, तिने ते पाळावे, याहून मोठे तप मी पाहिले नाही.

डॉक्टर आजही वाटेवरच होत्या. तपासायचे फारसे नव्हते. बसून राहिल्या. मी म्हणालो, "तुमचे पुढचे रोगी खोळंबतील."

"आज नाहीत कुणी."

"मग मला एक सांगा. यापुढे हे लोकांना कोणत्या शब्दात सांगणार?"

"साध्या. बरं होणार नाही, पण एकटं सोडणार नाही, असं."

"यात व्याकरणाची चूक नाही," मी म्हणालो. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. नाडी पाहण्याची जागा ती नव्हे. पण तरुण डॉक्टरांच्या पद्धती निराळ्या असू शकतात.

प्रार्थनेत आता मागणे उरलेले नाही. नुसते नाव घेतो आणि थांबतो. आश्चर्य असे, की पूर्वी मागण्यांच्या गर्दीत जे ऐकू येत नव्हते, ते थांबल्यावर ऐकू येते. काय, ते लिहिता येत नाही.

रविवार, ५ नोव्हेंबर

अक्षर वेडेवाकडे येते. थोडेच लिहितो.

दुपार. पलंग खिडकीकडे वळवला आहे. खिडकीची कडी कुरकुरत होती. चिरंजीव तिला तेल घालतो आहे, आणि पूल बांधणाऱ्यास कडीला तेल घालता येत नाही म्हणून ही त्याला टाकून बोलते आहे. सिस्टर कोणाची तरी नक्कल करीत आहेत, बहुधा माझी. धाकट्या डॉक्टर पायात पाय अडकवून स्टुलावर बसल्या आहेत आणि हसू आवरीत आहेत. मघापर्यंत त्यांना वाटत होते, मी झोपलो आहे. मीही तसेच वाटू दिले.

आज लिहिण्यासारखे काही घडले नाही. सर्व जण घरी आहेत.